साहेबांना सांगायचं कोणी?

'संवादकौशल्य' हा शब्द आमच्या नोकरीच्या काळात फारसा कानावर पडत नसे. हल्ली तो सगळीकडे दिसतो. नोकरीच्या जाहिरातीत दिसतो, क्लासच्या पाट्यांवर दिसतो, कंपन्या आपल्या माणसांना त्यासाठी दोन-दोन दिवस हॉटेलात नेऊन बसवतात. तिथे काय शिकवतात म्हणून कुणाला विचारलं तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. इंग्रजी सफाईनं बोलायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं, हस्तांदोलन कसं करायचं, चारचौघांत उभं राहून आपला मुद्दा कसा मांडायचा. यात वाईट काहीच नाही. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतातच.

पण ही झाली विकण्याची कला. कामाच्या ठिकाणी लागणारा संवाद त्याहून वेगळा असतो आणि मला वाटतं तो जास्त अवघड असतो. एका माणसाला काहीतरी चुकतंय हे दिसलेलं आहे. ते थांबवण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाकडे आहे. पहिल्याला दिसलेलं दुसऱ्याच्या डोक्यात वेळेत पोचतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. बहुतेक कचेऱ्यांत ते पोचलं नाही तर एखादी फाईल चुकते, थोडे पैसे जातात, चौकशी लागते. एका क्षेत्रात मात्र माणसं मरतात, आणि शेवटचे शब्द ध्वनिमुद्रित झालेले असल्यामुळे कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही, हे नंतर सगळ्या जगाला कळतं. ते क्षेत्र म्हणजे विमानवाहतूक. कर्मचाऱ्यांना एकमेकांशी बोलायला पद्धतशीर शिकवायचं, ही कल्पना सगळ्यात कसून वापरली गेली ती तिथेच. हा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा आहे. मला तो फार बोलका वाटतो, म्हणून आज तो सांगायला बसलो आहे.

सुरुवात कुठून करायची? तारीखच द्यायची तर २७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी एका बेटावरच्या विमानतळावर बाँबस्फोट झाला, म्हणून तिथे जाणारी विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या लहानशा विमानतळावर वळवण्यात आली. धावपट्टी एकच. उभ्या विमानांची इतकी गर्दी की पुढे जायला धावपट्टीवरूनच चालत जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. डच कंपनी केएलएमचं जंबो जेट धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी तयार उभं होतं आणि अमेरिकेच्या पॅन ॲमचं जंबो जेट त्याच धावपट्टीवरून त्याच्याच दिशेनं सावकाश येत होतं. दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती. टॉवरला दोन्ही दिसत नव्हती.

केएलएमचे कॅप्टन साधेसुधे वैमानिक नव्हते. कंपनीच्या जंबो जेटच्या वैमानिकांना शिकवणारे ते प्रमुख होते, कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असे. त्यांनी एकदा इंजिनाचा जोर वाढवायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या सहवैमानिकानं आठवण केली की अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाले, माहीत आहे, विचार. टॉवरनं उड्डाणानंतर कोणत्या मार्गानं जायचं ते सांगितलं. ती उड्डाणाची परवानगी नव्हती. पण सहवैमानिक ते वाचून दाखवत असतानाच विमान पुढे सरकायला लागलं होतं. या वेळी तो थांबा म्हणाला नाही. 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत' अशा अर्थाचं काहीतरी अर्धवट तो रेडिओवर बोलला. टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. टॉवरनं 'थांबा, मी सांगतो' म्हटलं आणि नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं म्हणाला. दोन आवाज एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली.

तरीही एक संधी शिल्लक होती. पुढच्या संभाषणावरून केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली. त्यानं विचारलं, ते पॅन अमेरिकन अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, झालंय की. इंजिनियर गप्प बसला. थोड्याच सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानातलं कोणीही वाचलं नाही, पॅन ॲमच्या विमानातले ६१ जण वाचले. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत एवढी माणसं त्याआधी किंवा त्यानंतर कधीच गेली नाहीत.

अपघाताला एकच कारण कधी नसतं. इथेही धुकं होतं, गर्दी होती, रेडिओचा घोटाळा होता, ड्यूटीचे तास संपत आल्याची घाई होती. पण मला त्या इंजिनियरचं वाक्य विसरता येत नाही. त्याला बरोबर शंका आली होती. ती त्यानं बोलून दाखवली, पण प्रश्न म्हणून. त्या प्रश्नाला त्या खात्यातल्या सर्वोच्च माणसानं उत्तर दिलं आणि प्रश्न संपला.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराजवळ युनायटेड कंपनीचं डीसी-८ विमान पडलं. याची गोष्ट तर जास्तच विलक्षण आहे. उतरण्याच्या वेळी चाकं खाली सोडताना मोठा धक्का बसला आणि चाकं नीट बसल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. कॅप्टननं विमान घिरट्या घालत ठेवलं आणि चाकांची चौकशी, प्रवाशांची तयारी यात तो गुंतून गेला. सुमारे तासभर विमान फिरत राहिलं. दरम्यान इंधन संपत चाललं होतं. ते काट्यावर दिसत होतं, फ्लाइट इंजिनियरला कळत होतं. अजून पंधरा मिनिटं म्हणजे इंधन फारच कमी होईल, असं तो बोललाही. पण 'कॅप्टन, आत्ता वळा, नाहीतर आपण पडणार' असं तो म्हणाला नाही. शेवटी एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडे झाडीत, वस्तीत कोसळलं. १८९ जणांपैकी १० गेले. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं. गेलेल्यांत तो फ्लाइट इंजिनियरही होता.

विमान धडधाकट होतं, हवा चांगली होती, तिघेही अनुभवी होते. मग चुकलं काय? अमेरिकेतल्या अपघात चौकशी मंडळानं १९७९ साली अहवाल दिला त्यात एक नवीनच शिफारस होती. कॅप्टनना सहकाऱ्यांचं ऐकून घेऊन काम कसं चालवावं हे शिकवा, आणि कनिष्ठांना आपलं म्हणणं ठामपणे कसं मांडावं हे शिकवा. विमान चालवायला शिकवा असं नाही, बोलायला आणि ऐकायला शिकवा. सरकारी अहवालात असं वाक्य येणं ही मोठीच गोष्ट होती.

त्याच सुमाराला नासाचे संशोधक याच दिशेनं पोचले होते. नासा म्हटलं की आपल्याला चंद्र आठवतो, पण त्यांच्या नावातलं एक अक्षर विमानविद्येचं आहे. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या केंद्रात जेट विमानांच्या अपघातांचा अभ्यास चालू होता. जंबो जेटच्या वैमानिकांना नकली कॉकपिटमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये बसवून पूर्ण प्रवास करायला लावला आणि वाटेत अडचणी घातल्या, तेव्हा असं दिसलं की काही जोड्या पुष्कळ चुका करतात आणि काही फार थोड्या. फरक हाताच्या सफाईत नव्हता. कामं वाटून घेणं, एकमेकांना सांगत राहणं, यात होता. जून १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नासानं एक परिषद भरवली, विमानकंपन्यांची माणसं बोलावली आणि तिथून 'कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग रूढ झाला. लघुरूप सीआरएम. मराठीत सांगायचं तर, हाताशी असलेली माणसं, माहिती आणि साधनं सगळी वापरा, एकट्याच्या डोक्यावर विमान चालवू नका.

१९८१ साली युनायटेडनं असं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. त्यासाठी त्यांनी ब्लेक आणि मूटन या व्यवस्थापनशास्त्राच्या दोन अभ्यासकांची पद्धत घेतली. कामाची किती काळजी आणि माणसांची किती काळजी, अशा दोन मापांवर साहेबाचा स्वभाव मोजायची ती पद्धत. वैमानिकांना वर्गात बसवायचं, एकमेकांबद्दल स्पष्ट बोलायला लावायचं, मग सिम्युलेटरमध्ये अडचणीचा प्रवास द्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करून त्यांनाच दाखवायचं.

जुने कॅप्टन या प्रकाराला हसले. 'चार्म स्कूल' असं नाव त्यांनी पाडलं, म्हणजे पोरीबाळींना चालणं-बोलणं शिकवायची शाळा. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्यातले पुष्कळ जण हवाई दलातून आलेले. तिथे हुकूम देणं आणि हुकूम मानणं यावरच जीव वाचतो. शिवाय पहिल्यापहिल्या वर्गांत मानसशास्त्राचे खेळ भरपूर असत आणि विमान कमी असे. कुणालाही वाटेल की माझा स्वभाव सुधारायला हे कोण लागून गेले? ही टीका फुकट गेली नाही. पुढे हे शिक्षण स्वभावाकडून सवयींकडे सरकलं. माणूस गोड आहे की तिरसट याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, अमुक वेळी अमुक वाक्य बोललं गेलंच पाहिजे, असं ते झालं.

माझ्या मते खरं शहाणपण इथे आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. कनिष्ठाला शंका आली तर त्यानं कसं बोलावं याच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. आधी हाक मारून लक्ष वेधायचं. मग आपल्याला काळजी वाटते हे सांगायचं. मग काय दिसतंय ते आकड्यानिशी सांगायचं. मग काय करावं असं वाटतं ते सांगायचं. आणि शेवटी 'बरोबर ना?' असं विचारून उत्तर घ्यायचंच. दोनदा सांगूनही वरिष्ठानं काहीच प्रतिसाद दिला नाही तर सूत्रं हाती घ्यायची, इतकंही काही ठिकाणी शिकवलं गेलं. सांगितलेलं समोरच्यानं परत उच्चारायचं, म्हणजे ऐकलं तेच का हे कळतं. टेनेरिफनंतर तर 'टेक-ऑफ' हा शब्दच राखून ठेवला गेला. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं.

आणि कधी बोलू नये हेही ठरलं. १९७४ साली अमेरिकेत शार्लट इथे एक विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ७२ माणसं गेली. उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पा मारत होते. त्यावरून १९८१ मध्ये नियम आला की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना कामाखेरीज एक शब्दही बोलायचा नाही. संवाद वाढवायचा म्हणजे बडबड वाढवायची नव्हे, हे त्या लोकांना लवकर कळलं.

आपल्या भाषेच्या अंगानं बघितलं तर मला यात फार गंमत वाटते. मराठीत वरिष्ठांशी बोलायची एक घडी असते. 'साहेब, जरा बघता का?' 'नाही म्हणजे, इंधनाचं कसं आहे?' 'आपण म्हणाल तसं, पण...' यातलं प्रत्येक वाक्य सभ्य आहे आणि प्रत्येक वाक्यात खरी बातमी पदराआड आहे. ऐकणारा निवांत असेल तर त्याला ती कळते. तो घाईत, काळजीत असेल तर त्याला फक्त सभ्यपणा ऐकू येतो. त्याऐवजी 'साहेब, मला काळजी वाटते, इंधन पंधरा मिनिटांचंच आहे, आत्ताच उतरू या, चालेल ना?' हे वाक्य घ्या. यात 'साहेब' आहे, 'चालेल ना' आहे, मान कुठेही कमी झालेला नाही. पण बातमी उघड्यावर आहे. उद्धटपणा आणि स्पष्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्यातल्या कर्ता-कर्मासारखं शिकवता येतं. ते उपजत असावं लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, हा वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणाऱ्या आपल्या आशियाई लोकांचा प्रश्न आहे. कोरियन विमानांच्या अपघातांबद्दल असं पुष्कळ लिहिलं गेलं. मला ते फारसं पटत नाही. टेनेरिफचे वैमानिक डच होते, आणि डच माणूस तोंडावर बोलण्याबद्दल साऱ्या युरोपात प्रसिद्ध. पोर्टलंडचे अमेरिकन होते. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ विमान पडलं तेव्हा डावं इंजिन बिघडलं होतं आणि वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचं कॅप्टननं प्रवाशांना सांगितलं. प्रवाशांनी आणि सेवक वर्गातल्या काहींनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कुणीही कॉकपिटमध्ये निरोप दिला नाही. ४७ माणसं गेली. दोनच महिन्यांनी, १० मार्चला, कॅनडात ड्रायडन इथे पंखांवर बर्फ साचलेलं विमान उडालं आणि पडलं, २४ गेले. तो बर्फ हवाईसुंदरीला दिसला होता. प्रवासी म्हणून बसलेल्या दोन वैमानिकांनाही दिसला होता. तिला वाटलं हे आपलं काम नाही, त्यांना वाटलं चालवणाऱ्याला माहीत असेलच. अहवाल वाचताना यांतला माणूस कुठल्या देशाचा हे लक्षातही राहत नाही.

अशा अपघातांनी एक गोष्ट पक्की केली. सीआरएममधला 'कॉकपिट' हा शब्द आधीच मागे पडून 'क्रू' म्हणजे सगळी चमू हा शब्द येत होता. आता वैमानिक आणि केबिनमधले लोक यांना एकत्र बसवून शिकवायला सुरुवात झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या विमानकंपन्यांना हे प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि हळूहळू ते जगभर गेलं.

उपयोग झाला का? अपघात घडले नाहीत याची बातमी होत नसते, त्यामुळे याचं उत्तर आकड्यात देणं कठीण असतं. पण एक उदाहरण सगळे देतात. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी विमान वळवायच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. असं होऊ शकतं याची कल्पनाच कुणी केली नव्हती, त्यामुळे पुस्तकात त्याची कृतीही नव्हती. कॅप्टन आल हेन्स यांनी सगळ्यांना विचारलं. प्रवाशांत बसलेले डेनिस फिच हे प्रशिक्षक वैमानिक मदतीला आले, त्यांना आत घेतलं. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून या चौघांनी ते विमान पाऊण तासाच्या आसपास सांभाळलं आणि सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, ११२ माणसं गेली. पण २९६ पैकी १८४ वाचली. हेन्स पुढे अनेक वर्षं व्याख्यानांतून सांगत राहिले की कॉकपिटमध्ये आम्हा सगळ्यांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण असं उतरण्याचा सराव त्यात एका मिनिटाचाही नव्हता. मग मला इतरांपेक्षा जास्त कळतं असं मी का मानावं? सीआरएम नसतं तर हे जमलं नसतं, असंही ते म्हणत.

आता आपल्याकडे येऊ. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. तिथे दुसरीच अडचण होती. कझाक विमानात टॉवरशी इंग्रजीत बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं होतं आणि विमान चालवणारे दुसरेच होते. पंधरा हजार फुटांवर राहायची सूचना असताना ते विमान खाली उतरलं. इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाकडे चौकशीत बोट दाखवलं गेलं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनं २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजी संभाषणाच्या पातळ्या ठरवल्या आणि २००८ पासून त्या लागू झाल्या.

पण मला जास्त अस्वस्थ करतो तो मंगळूरचा अपघात. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी ८ जण वाचले. चौकशी समितीचे प्रमुख निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते. अहवालातून कळलं ते असं. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते. उतरताना विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकानं 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा फेरी मारा, असं तीनदा सांगितलं. कॅप्टननी विमान उतरवलंच.

टेनेरिफचा इंजिनियर प्रश्न विचारून थांबला, पोर्टलंडच्या इंजिनियरनं सूचक बोलून पाहिलं. या तिसऱ्यानं मात्र नेमका, ठरलेला, नि:संदिग्ध शब्द वापरला, तोही तीनदा. बोलण्याच्या शिक्षणात तो पास झालेला होता. तरीही विमान गेलं, आणि तोही गेला. म्हणून मला वाटतं की कनिष्ठाला बोलायला शिकवणं हे या विद्येचं अर्धंच पुस्तक आहे. उरलेलं अर्धं वरिष्ठानं ऐकण्याचं आहे आणि ते जास्त जड आहे. कनिष्ठाला भीती सोडायची असते, वरिष्ठाला आपल्याला कळतं ही खात्री सोडायची असते. भीती सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. खात्री सोडलेली फार थोडी.

आयुष्य वर्गात गेल्यामुळे मला यातली एक गोष्ट लगेच ओळखीची वाटते. शिक्षकानं 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग सुरात 'हो' म्हणतो. ज्याला समजलेलं नाही तोही म्हणतो. 'कुणाला समजलं नाही?' विचारलं तर एकही हात वर येत नाही. पण 'यातली कोणती पायरी मी पुन्हा सांगू?' असं विचारलं की मागच्या बाकावरूनसुद्धा आवाज येतो. मुलं तीच, गणित तेच. चांगले कॅप्टन उड्डाणाआधी जे सांगतात ते याच जातीचं असतं. 'काही वाटलं तर बोला' एवढंच न म्हणता ते म्हणतात, आज माझ्या हातून काहीतरी सुटणार आहे, ते पकडणं तुमचं काम. न बोलणं हाच मग कामचुकारपणा होतो.

ही विद्या विमानातून दवाखान्यात गेली त्यात आपल्या एका माणसाचा हात आहे. शल्यचिकित्सक अतुल गवांदे हे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह शस्त्रक्रियेची एक यादी तयार केली, वैमानिकांच्या याद्यांवरून. त्यात एक साधं कलम आहे. चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडली तर पुन्हा बोलतो, हा त्यामागचा विचार. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

पुढची गोष्टही सांगायला हवी. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची केली गेली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाले. एक म्हणणं असं पडलं की यादी आली, पण तिच्यामागचं शिक्षण आणि मनापासूनची तयारी आली नाही, खुणा मात्र वेळच्या वेळी होत राहिल्या. कचेरीत ज्यांनी हयात घालवली त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. हजेरीपट भरलेला असतो आणि खुर्ची रिकामी असते.

म्हणून हल्लीच्या संवादकौशल्याच्या कार्यशाळांबद्दल कुणी कौतुकानं सांगू लागलं की मी एकच विचारतो. साहेब वर्गात बसतात का? आपल्याकडे बहुधा साहेब दीपप्रज्वलन करतात, पाच मिनिटं बोलतात, 'मला एक मीटिंग आहे' म्हणून निघतात, आणि मग खालची माणसं दिवसभर मोकळेपणानं बोलायला शिकतात. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातात. दुसऱ्या दिवशी ती माणसं ज्याच्याशी मोकळेपणानं बोलायचं, तो त्या वर्गात नसतोच. वैमानिकांनी हे केलं नाही. तिथे तीस वर्षं विमान चालवलेला कॅप्टन आणि कालचा पोरगा एकाच बाकावर बसतात, एकाच सिम्युलेटरमध्ये जातात आणि नंतर दोघं मिळून पडद्यावर बघतात की पोरगा कधी बोलला आणि कॅप्टननं त्या वेळी काय केलं. आणि हे एकदा करून संपत नाही, नोकरी असेपर्यंत दरवर्षी करावं लागतं. ज्या कचेरीला हे खरंच हवं असेल तिनं आधी साहेबांसाठी खुर्ची राखून ठेवावी, पहिल्या रांगेत नको, मधल्या रांगेत.